पिकअपचे टायर आणि ओले डांबर

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की टोमॅटोचे कॅरेट, दुधाचे कॅन अथवा कांद्याच्या गोण्या लादलेली, मागचे पाटे दबलेली आणि ताडपत्रीच्या दोऱ्या करकचून आवळलेली पांढरी मालवाहू गाडीच आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. आणि नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराच्या दाराशी हंगामात लागलेल्या या गाड्यांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला त्यात काही नवल वाटावयाचे नाही. परंतु २०१६ साली इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली टोयोटाची हायलक्स आपल्या बाजारात आल्यापासून पिकअप ही हौसेने बाळगावयाची खासगी गाडीही झाली आहे, आणि तिच्या मालकांमध्ये असा एक शिरस्ताच पडून गेला आहे की, गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच कंपनीने दिलेले टायर उतरवावयाचे आणि त्यांच्या जागी मोठ्या गोट्यांचे, रुंद खाचांचे, बाजूच्या भिंतीपर्यंत नक्षी चढलेले असे दांडगे ऑल-टेरेन टायर चढवावयाचे. २०२० साली परदेशी टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यानंतर हा छंद अधिकच महाग झाला असून, नामांकित बनावटीचे स्टेपनीसह पाच टायर घ्यावयाचे तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या कमाईचा पैसा कोठे घालावा हे ज्याचे त्याने ठरवावे. माझी हरकत आहे ती हा निर्णय ज्या प्रश्नापासून सुरू होतो त्या प्रश्नाला. चिखलातून गाडी निघेल काय, असे आपण प्रथम विचारतो. आणि ज्या प्रदेशात वर्षातील चार महिने डांबर आणि काँक्रीट ओले असते त्या प्रदेशातील माणसाने प्रथम विचारावयाचे ते हे, की ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेल काय.

हे दोन प्रश्न एकमेकांशी कसे निगडित आहेत हे समजण्यासाठी टायरच्या रचनेत थोडे शिरावे लागते. पक्क्या रस्त्यासाठीचे टायर, ज्यांना दुकानदार एचटी म्हणतात, त्यांची नक्षी दाट असते आणि नवे असताना तिची खोली साधारणतः आठ-नऊ मिलिमीटर भरते. दुसऱ्या टोकाला एमटी, म्हणजे केवळ चिखल आणि दगडगोटे यांसाठी घडविलेले टायर. या दोहोंच्या मधली जागा ऑल-टेरेन टायरांची. अमेरिकेतील बीएफगुडरिच कंपनीने १९७६ साली आपले ऑल-टेरेन टायर बाजारात आणले, आणि त्या घराण्याचा केओ-२ हा वंशज आज आपल्याकडील हौशी मालकांनाही नावाने परिचित आहे. त्याच्या बहुतेक मापांत नक्षीची खोली सुमारे बारा मिलिमीटर असते. पण एटी या दोन अक्षरांखाली जे काही विकले जाते ते एकजिनसी नाही. एचटीला अगदी लागून असलेले सौम्य एटीही त्यात येतात, आणि एमटीच्या उंबरठ्याशी पोचलेले आक्रमक एटीही येतात. ‘एटी घ्या, कुठे अडणार नाही’ एवढ्या एका वाक्यावर जो ग्राहक सौदा पक्का करतो त्याला आपण या लांबलचक पट्ट्यावरील नेमका कोणता बिंदू विकत घेतला याचा बहुधा पत्ताच नसतो.

चिखलात पकड येते ती खाचांमुळे. गोट्या मऊ मातीत रुततात, खाचांत भरलेल्या मातीला रेटा देऊन गाडी पुढे ढकलतात, आणि चाक फिरताना ती माती बाहेर फेकली गेली तर पुढच्या फेऱ्याला खाच पुन्हा रिकामी मिळते. म्हणून गोटी जेवढी मोठी आणि खाच जेवढी रुंद तेवढे चिखलात चांगले. ओल्या डांबरावरचा न्याय निराळा आहे. तेथे रुतावयास काही नसते. तेथे रबराचा जास्तीत जास्त पृष्ठभाग रस्त्याच्या खरखरीत अंगाला भिडावा लागतो, आणि रबर व रस्ता यांच्या मधला पाण्याचा पातळ थर पुसून काढण्यासाठी गोट्यांवर सुरीने ओढल्यासारखे बारीक काप लागतात. रुंद खाचेत जेवढी जागा गेली तेवढे रबर रस्त्याला भिडत नाही. मोठ्या गोट्या दगडांवर तुटू नयेत म्हणून त्यांवर काप कमी ठेवावे लागतात. दगडांच्या धारांनी रबराचे लचके निघू नयेत म्हणून मिश्रणही बहुधा ओल्या पकडीपेक्षा टिकाऊपणाकडे झुकलेले असते. आणि उंच गोटी ब्रेकच्या ताणाखाली वाकते ती वेगळीच. पाणी बाजूला सारण्यास खोल खाचा उपयोगी पडतात, म्हणून साचलेल्या पाण्यावर तरंगत जाण्याचा धोका अशा टायरांना, नवे असताना, काहीसा कमी असतो ही गोष्ट खरी. परंतु आपल्या रस्त्यांवरील नित्याचा प्रसंग साचलेल्या तळ्याचा नसून नुसत्या भिजलेल्या, चकाकणाऱ्या, तेलकट डांबराचा असतो, आणि तेथे ही मंडळी मागे पडतात.

मागे पडतात म्हणजे किती, हे टायरागणिक बदलते. तरीही उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ओल्या रस्त्यावरचा घर्षणगुणांक ०.६ धरला तर, ब्रेक लागल्यानंतर सुमारे २४ मीटरांत थांबते. तोच गुणांक ०.५ वर आला, म्हणजे पकड केवळ एक षष्ठांशाने घटली, तर तिला २८ मीटर लागतात. अंतर पाच मीटरांच्या आतले आहे, पण ते जवळजवळ एका गाडीच्या लांबीएवढे आहे. आणि ताम्हिणीच्या किंवा वरंधाच्या वळणावर धुक्यातून एकाएकी समोर आलेल्या एसटीच्या मागे ते चार-साडेचार मीटर कोठून आणावयाचे? महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक आणि आंबोलीला त्याहूनही जास्त पाऊस पडतो. शहरातील हौशी गाड्यांचे ताफे पावसाळ्यात जावयाचे ते नेमके याच घाटांत. त्यातही जूनमधील पहिल्या सरी विशेष घातक, कारण आठ महिन्यांचे सांडलेले तेल, टायरांची भुकटी आणि धूळ त्या पाण्यात मिसळून रस्त्यावर एक बुळबुळीत लेप धरतो व दोन-तीन दणदणीत पाऊस झाल्यावाचून तो धुऊन जात नाही.

पिकअपच्या बाबतीत या सगळ्याला आणखी एक कंगोरा आहे, आणि तो मोटारीच्या मालकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पिकअपचा मागचा भाग माल वाहण्यासाठी घडविलेला असतो. पाटे ताठ, हौदा लांब, आणि माल नसेल तेव्हा मागच्या चाकांवर वजन अत्यल्प. ओझे असताना जी गाडी शहाण्यासारखी चालते तीच रिकामी परतताना ओल्या उतारावर मागून फिरते, कारण इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो आणि त्या चाकांना रस्त्यावर दाबून धरावयास काही नसते. मालवाहू गाड्यांच्या धंद्यात जुनी वहिवाट अशी की पुढे रिब नक्षीचे टायर, म्हणजे लांबीच्या दिशेने सरळ पट्टे असलेले, आणि मागे लग नक्षीचे, म्हणजे आडव्या गोट्यांचे. पुढच्यांनी दिशा सांभाळावी, मागच्यांनी रेटा द्यावा. भरल्या गाडीला ही वाटणी उत्तम मानवते, आणि ज्या चालकांनी ती अनुभवाने ठरविली त्यांच्या शहाणपणाबद्दल मला आदर आहे. मात्र बाजारात माल उतरवून, हौदा रिकामा करून, भर पावसात घाट उतरणाऱ्या गाडीत पुढची चाके रस्ता धरून ठेवतात आणि मागची सोडून देतात, ही तिची दुसरी बाजू प्रत्येक चालकाला, विशेषतः नव्याने स्टिअरिंगवर बसलेल्या पोराला, कोणीतरी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत पुढेमागे निरनिराळ्या घेराचे टायर घालणे तर यंत्राच्याच दृष्टीने अनिष्ट आहे; फोर बाय फोर लावल्यावर घेरांतील तफावतीचा ताण थेट दातेरी चक्रांवर येतो.

आता चिखलाकडे वळू. कारण ज्यांना चिखलाशी खरोखर गाठ आहे त्यांच्याविषयी मी काही कमी कळकळीने लिहीत नाही. चिखल म्हणून एकच एक पदार्थ जगात आहे असे टायरांच्या जाहिराती पाहून वाटते. आपल्या प्रदेशात तो निदान तीन तऱ्हांचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातील काळी रेगूर माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. अशा मातीच्या पाणंद रस्त्यावर जुलैमध्ये गाडी शंभर पावले नेऊन उतरून पाहावे, म्हणजे दिसते की टायरच्या सर्व खाचा काठोकाठ भरून निघाल्या आहेत, गोटी कोठली आणि खाच कोठली हे ओळखू येत नाही, मडगार्डच्या आत माती दाबून बसल्यामुळे चाक फिरताना घासू लागले आहे, आणि हाताने उकरावयास जावे तर माती बोटांनाच धरून ठेवते. खाच भरली की नक्षीची किंमत शून्य. मग टायर सौम्य असो की आक्रमक, तो गुळगुळीतच. येथे मधल्या दर्जाचे एटी फारसे तारत नाहीत. फार रुंद खाचांचे, आपली माती आपण झाडून टाकणारे टायर काही प्रमाणात चालतात, आणि त्यांनाही चाक थोडे वेगात फिरवावे लागते. पुष्कळदा खरे उत्तर टायरच्या दुकानात नसून मुरूम-खडीच्या ढिगात असते. २०२१ साली राज्य सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी योजना आखली तिचे महत्त्व मला याच कारणाने वाटते: ज्या वाटेवर खडीकरण झाले त्या वाटेवर शेतकऱ्याच्या साध्या पिकअपला साधे टायर पुरतात.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याची तांबडी माती. ती काळ्या मातीएवढी चिकटत नाही, पण खाली कठीण थर आणि वर बोटभर निसरडा लेप अशी तिची रचना असल्यामुळे वरचा लेप कापून खालच्या थराला धरणारी गोटी तेथे खरोखर कामास येते. एटी टायर ज्या कामासाठी जन्मले ते हे काम. देशावरच्या डोंगरांत, खाणींच्या रस्त्यांवर, धरणाच्या बांधकामांवर काळ्या बेसॉल्टची धारदार खडी असते, आणि तेथे नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीची जाडी जास्त मोलाची ठरते, कारण तळाला पंक्चर झाले तर काढता येते, बाजूची भिंत फाटली तर टायर गेलाच. चांगल्या एटी टायरच्या खाचेत डोकावून पाहिले तर तळाशी ओळीने लहान लहान उंचवटे आढळतात. खडा रुतून बसू नये, बाहेर फेकला जावा, म्हणून केलेली ती तजवीज असते.

राहिली वाळू. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर आक्रमक टायरांच्या गाड्या भरतीच्या पाण्यात रुतल्याची छायाचित्रे प्रत्येक सुट्टीच्या हंगामात वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या मालकांना बहुधा हे माहीत नसते की कोरड्या वाळूत खोल गोटी फावड्यासारखी काम करते; चाक जितके फिरवावे तितकी ती गाडीखालची वाळू उपसते. वाळूवर तरंगावयाचे असते, त्यासाठी हवा कमी करून टायर पसरट करावा लागतो आणि नक्षी सौम्य असलेलीच बरी. पण वाळूवर गाडी कशी चालवावी हे शिकविण्याची माझी इच्छा नाही. किनाऱ्यावर गाडी घालणे मुळात गैर आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन दोन दशकांपूर्वी सुरू केले. घरट्यातून निघालेले तळहातापेक्षाही लहान पिल्लू चाकोरीत पडले म्हणजे त्याला बाहेर चढता येत नाही, आणि समुद्र समोर असूनही ते तेथे फिरत राहून पक्ष्यांच्या अथवा उन्हाच्या तोंडी जाते. कोकणातील सड्यांची आणि घाटमाथ्यावरच्या पठारांची गोष्टही तीच. कातळावरचा तो मातीचा बोटभर थर, ज्यावर पावसाळ्यात रानफुले उगवतात, एका आक्रमक टायरच्या एका गिरकीने जो उखडला जातो तो पुन्हा धरावयास वर्षे लागतात. टायरने जाण्याची शक्ती दिली म्हणून जाण्याचा अधिकार दिला, असे कोणी समजू नये.

मग असे टायर घ्यावेत कोणी? ज्याची शेतवाडी जांभ्याच्या उताराच्या टोकाला आहे, ज्याला वर्षभर खाणीच्या किंवा वनखात्याच्या रस्त्याने जावे लागते, जो पावसात दुर्गम पाड्यांवर औषधे, धान्य किंवा विजेचे साहित्य पोचवितो, त्याने अवश्य घ्यावेत, आणि ओल्या डांबरावर वेग उतरवून चालवावेत. परंतु त्याने नक्षी पाहण्याआधी बाजूच्या भिंतीवरचा मजकूर वाचावा. मापाच्या पुढे जो आकडा असतो तो भाराचा निर्देशांक: ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. त्यापुढील अक्षर वेगमर्यादेचे: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किलोमीटर. टोमॅटोचे एक कॅरेट वीस किलोचे धरले तर सतराशे किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये पंच्याऐंशी कॅरेट भरले की मर्यादा संपते, आणि त्या वजनाचा मोठा हिस्सा मागच्या दोन टायरांवर येतो. दिसावयास राकट पण भारनिर्देशांकाने मूळ टायरपेक्षा हलका असा टायर मालवाहू गाडीला घालणे हा सरळसरळ अपघाताला दिलेला परवाना आहे. आणि हौशी गाड्यांच्या मापांत असे टायर मिळतात ही गोष्ट खरेदीच्या भरात लक्षात येत नाही. मापाचा मजकूर वाचून झाला की चार आकडी तारीख पाहावी: २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुना पडून राहिलेला माल सवलतीच्या दराने गळ्यात मारला जाण्याची शक्यता आक्रमक टायरांत अधिक, कारण ते कमी खपतात.

भिंतीवर कधी कधी तीन शिखरे आणि मधे हिमकण असे चिन्हही आढळते, व ते असले की किंमत व प्रतिष्ठा दोन्ही वाढतात. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की बर्फावरच्या विहित चाचणीत टायर उतरला. काश्मीर-लडाखला हिवाळ्यात जाणाऱ्याने ते जरूर पाहावे. पुण्या-नाशकाच्या गृहस्थाला वरंधाच्या पावसाविषयी ते चिन्ह काहीही सांगत नाही.

मोठे माप घालण्याच्या हव्यासाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हायलक्सचा २६५/६० आर १८ हा टायर सुमारे ७७५ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याऐवजी २६५/६५ आर १८ घातला तर व्यास ८०२ मिलिमीटरांच्या जवळ जातो, म्हणजे जवळजवळ साडेतीन टक्क्यांची वाढ. घेर वाढला की स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, टायर जड असल्यामुळे वेग घेणे आणि वेग आवरणे दोन्ही कष्टाचे होते, पाठोपाठ डिझेलचा खर्च चढतो, आणि पूर्ण वळणात टायर आतल्या प्लास्टिकला घासतो तो भाग निराळा. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या ५२व्या कलमान्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वाहन ढळता कामा नये, या अर्थाचा निर्णय देऊन तो दंडक अधिक पक्का केला. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात कोणी या मुद्द्यावर हरकत घेतली तर ती खोडून काढणे मालकाला जड जाईल. सबब, टायर बदलावयाचा तर उत्पादकाने मान्य केलेल्या मापातच बदलावा, हा माझा सरळ सल्ला.

हवेचा प्रश्न मला या सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचीच हयगय सर्वाधिक होते. कच्च्या रस्त्यावर हवा उतरविली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, आणि बत्तीस-पस्तीस पॉइंटवरून वीस-बावीसवर आणलेला साधा टायर पुष्कळदा पूर्ण हवेतल्या आक्रमक टायरपेक्षा जास्त काम करतो. म्हणजे लाखाच्या टायरांआधी काही हजारांचा चांगला काँप्रेसर आणि हवा मोजण्याचे विश्वासू घड्याळ विकत घेणे शहाणपणाचे. पण उतरविलेली हवा पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा भरली नाही तर टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकून तापतात. ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सलग खुला झाला असून मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर, तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायरमधून उष्णता बाहेर पडावयास सवड मिळत नाही. जाड गोट्यांचा जड टायर अशा प्रवासात पातळ नक्षीच्या टायरपेक्षा जास्त तापतो. त्यात हवा कमी, त्यात भार जास्त, आणि त्यात टायर जुना, अशी बेरीज झाली की तो फुटतो. जड बांधणीच्या टायरला तोच भार पेलण्यासाठी मूळ टायरपेक्षा अधिक हवा लागू शकते, याचाही दुकानात क्वचितच खुलासा होतो. गाडीच्या दारावर चिकटविलेला आकडा मूळ टायरसाठी आहे हे ध्यानात ठेवून नव्या टायरचा आकडा विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा.

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो मी हलका मानीत नाही. माणूस गाडी केवळ हिशेबाने घेत नाही; डोंगरात जाण्याची, वाट संपेल तेथून पुढे जाण्याची जी ओढ असते ती सह्याद्रीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही, आणि दांडग्या टायरांकडे पाहून मनात जे उभे राहते ते त्या ओढीचेच रूप असते. मी त्या ओढीचा मान राखतो. परंतु आठवडाभर हिंजवडीच्या नाहीतर ठाण्याच्या वाहतुकीत उभी राहणारी आणि महिन्यातून एखाद्या रविवारी लोणावळ्यापलीकडे जाणारी गाडी आपल्या आयुष्यातील बहुतेक अंतर डांबरावर आणि काँक्रीटवर काटते, आणि त्या अंतरात तिच्या पुढून रस्ता ओलांडणारी माणसे असतात. अशा गाड्यांसाठी सौम्य एटी पुरेसे आहेत: ज्यांच्या मधल्या पट्ट्यात गोट्या दाट आहेत, गोट्यांवर काप भरपूर आहेत, आणि आक्रमकता खांद्यापुरती मर्यादित आहे असे. त्यांवर भणभणाट कमी, इंधनाचा फटका कमी, आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या किंवा भंडारदऱ्याच्या कच्च्या वाटेला ते सहज पुरतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी चाकांची अदलाबदल करावी, नाहीतर मोठ्या गोट्या एका कडेने झिजतात आणि मग जो घूं-घूं आवाज सुरू होतो तो टायर टाकून देईपर्यंत थांबत नाही. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत झीज चालते. पावसाळ्यात तिथवर वाट पाहू नये. चार मिलिमीटरांच्या खाली आल्यावर जून उजाडण्यापूर्वीच नवे टायर घालावेत, असे मी म्हणेन.

एवढे सगळे ग्राहकाने जाणून घ्यावे असे म्हणताना माझ्या मनात खंत राहते ती ही, की मुख्य माहिती त्याला मिळण्याची सोयच नाही. २०२२ च्या अधिसूचनेने आपल्याकडेही टायरांची लोळणरोध (चाक फिरताना होणारा अवरोध), ओली पकड आणि आवाज या तीन कसोट्यांवर परीक्षा घेण्याचे ठरले, हे स्तुत्य पाऊल. पण ती परीक्षा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी आहे. उत्तीर्ण झालेल्यांपैकी कोण काठावर आणि कोण अव्वल हे टायरच्या अंगावरून समजत नाही. इंधनबचतीसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन आहे, परंतु डिझेल किती वाचेल यापेक्षा पावसात गाडी थांबेल किती अंतरात हा प्रश्न मला प्राणांचा वाटतो. युरोपीय संघात २०१२ पासून टायरवर लेबल लावणे बंधनकारक असून त्यावर ओल्या पकडीची श्रेणी स्वतंत्रपणे छापलेली असते. २०२१ पासून ती ए ते ई अशा पाच पायऱ्यांत दिली जाते. त्या व्यवस्थेतही एक पळवाट आहे. निव्वळ कच्च्या रस्त्यांच्या व्यावसायिक टायरांना लेबलातून वगळले आहे, आणि एमटी जातीचे पुष्कळ टायर त्या वर्गात मोडतात. म्हणजे ज्या टायरची ओली पकड जाणून घेण्याची गरज सर्वाधिक, तोच टायर मौन बाळगू शकतो. आपण लेबल आणू तेव्हा ही पळवाट ठेवू नये. ज्या टायरला सार्वजनिक रस्त्यावर धावण्याची मुभा आहे त्या प्रत्येक टायरवर ओल्या पकडीची श्रेणी असावी, मग त्याच्या गोट्या कितीही मोठ्या असोत.

परिवहन मंत्रालयाकडे ही मागणी ग्राहक पंचायतींनी, शेतमाल वाहतूकदारांच्या संघटनांनी आणि हौशी मालकांच्या मंडळांनी एकत्रितपणे केली पाहिजे, कारण या तिघांचे हित येथे एकच आहे. तोवर टायर घ्यावयास जाल तेव्हा दुकानदाराला आधी हे विचारा की याच टायरची परदेशी बाजारातील ओल्या पकडीची श्रेणी कोणती आहे. त्याला ती सांगता आली नाही, तर कंपनीकडून मागवून घ्या, आणि ती हाती येईपर्यंत मूळ टायर उतरवू नका.